कानडी एक

बसच्या पाट्या वाचायला शिकतो
तेव्हाच कळतं आमच्याकडे:
कानडी दोन आपल्या दोनसारखाच,
कानडी एक मात्र शून्यासारखा,
खालून जरासा उघडा,
लिहिणारा मिटायचं विसरल्यासारखा.
शहापूरच्या नाक्यावर वडिलांनी दाखवलं होतं बोट धरून,
एकवीसची सोडून विसात चढशील बघ.
मी सात वर्षांची होते.

रात्रपाळी. डिसेंबर. रक्तपेढीच्या काचेला धुकं.
शिवलिंगाने दोन नळ्या ठेवल्या,
"लगू माड्री अक्का" म्हणाला आणि चहाला गेला.
नळ्यांवर नावं नव्हती, नुसते खाटांचे आकडे.
कारण एका केसपेपरवर नावच नव्हतं,
नावाच्या जागी लिहिलं होतं: नेपाळी हुडुगी.
मग दुसरीचं तरी कशाला लिहा.

उद्यमबागेत फाउंड्रीच्या पत्र्यावर
मोहरीची पानं वाळत घातली होती तिने,
ती गोळा करताना पडली.
बाप तिथलाच वॉचमन.
आधार? नाही. रेशन? नाही.
पत्ता?
"पाण्याच्या टाकीखाली," तो म्हणाला,
आणि भरतीच्या खिडकीतल्या माणसाने पेन खाली ठेवलं.
पाऊण तास ते पेन तसंच होतं.
हे मी नंतर ऐकलं.

दोन्ही नळ्यांवर मला वीसच दिसलं.
शाई पसरली होती, उघडं तोंड मिटलं होतं.
एक वीस, एक एकवीस असणार हे कळत होतं मला,
कुठली कुठली, एवढंच विचारायचं होतं.
फोन हाताशी होता.
वॉर्डातून तिसऱ्यांदा ओरडून झालं होतं.
मी उजवी उचलली.

पोरगी ओ होती.
ओ म्हणजे सगळ्यांना देता येतं,
घेता येतं फक्त ओ कडून.
वीस नंबरची कल्लव्वा बी.
तिला पोरीसाठी काढलेलं रक्त गेलं, आणि मानवलं.
पोरीला कल्लव्वाचं.
पहिल्या वीस मिनिटांत थंडी भरली तिला,
"कंबर, कंबर" म्हणत होती म्हणे,
सिस्टरने अजून एक ब्लँकेट घातलं.
लघवी चहासारखी झाली तेव्हा कुणीतरी पिशवी बंद केली.
पाचव्या दिवशी, डायलिसिसच्या रांगेत
तिचा कागद दोनदा मागे गेल्यावर,
गेली.

मग डोळ्यांचं विचारायला बाई आल्या.
मऊ बोलतात त्या, मराठी, कानडी, हिंदी, तिन्हीत.
बाप बराच वेळ भिंतीकडे बघत बसला,
मग म्हणाला, "किसी को दिखेगा क्या सच में?"
अंगठा दिला.
त्या फॉर्मवरही पत्त्याचा रकाना होता.
रिकामा चालला.

तेव्हा मी दारात होते.
तिचं नाव त्यानेच सांगितलं, स्पेलिंग विचारल्यावर,
मनसरा.
मला स्पेलिंग नको होतं.
मला सांगायचं होतं काहीतरी,
आणि मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

चौकशीचा कागद कानडीत आला.
"रुग्णाची मूळ प्रकृती गंभीर."
खाली माझी सही, मराठीत.
बापाला प्रत पाठवायची होती,
पत्ता नसल्याने फाइलला लावली.

कल्लव्वा घरी गेली त्या दिवशी
अर्धा किलो कुंदा ठेवून गेली माझ्या टेबलावर.
"निम्म कैगुण चलो, अक्का," म्हणाली,
तुमच्या हाताला गुण आहे.
रात्री तीनला भूक लागली.
मी तो खाल्ला. चांगला होता, भाजलेल्या खव्याचा,
डबा धुऊन ठेवलाय अजून.

फाउंड्रीवर दोनदा जाऊन आले.
टाकीखाली आता दुसरा आहे, ओडिशाचा,
त्याला आधीचा कोण माहीत नाही.
पत्र्यावर काही पानं राहिली असतील म्हणून वर बघितलं.
खालून दिसत नाही.

आता स्टँडवर बस येते तेव्हा
मी पाटी वाचत नाही.
कंडक्टरला विचारते, तोंडाने, दोनदा,
आणि तो चिडतो,
"लिहिलंय की वर, दिसत नाही होय बाई?"